पहिलं टिम हॉर्टन्स, हॅमिल्टन : खाली कॉफी, वर एका डिफेन्समनची चोवीस वर्षं

हॅमिल्टनच्या ऑटावा स्ट्रीट नॉर्थवर, डन्समुर रोडच्या कोपऱ्याला असलेलं टिम हॉर्टन्स हे कॅनडातल्या या कॉफी-डोनटच्या साखळीतलं पहिलं दुकान. नुसती कॉफी प्यायची असेल तर एवढ्या लांब जायची गरज नाही. घराजवळच्या टिममध्ये मिळते तीच डबल डबल इथेही मिळते. पण ज्यांची मुलं कॅनडात रिंकवर बर्फावरची हॉकी खेळतात, त्यातही ज्यांचं मूल डिफेन्स, म्हणजे बचावाची जागा, खेळतं, त्या मराठी आईबापांनी एकदा तरी इथे यावं आणि वरच्या मजल्यावर चढावं, असं मी आग्रहाने सांगेन. रोज हातात धरतो त्या कपावरचं नाव कुणाचं, हे आपल्यातल्या बऱ्याच घरांत माहीत नसतं. टिम हॉर्टन हा टोरोंटो मेपल लीफ्स या हॉकी संघाचा डिफेन्समन, सात नंबरचा. डोनट हा त्याचा जोडधंदा.

आम्ही मिसिसागाला राहतो. माझी लेक सातवीत आहे आणि उजव्या बाजूची डिफेन्स खेळते. तिच्या अंगावरचा पहिला हॉकीचा जर्सी टिमबिट्सचाच, म्हणजे टिमच्या छोट्यांच्या हॉकीचा, होता. पाच-सहा वर्षांच्या पोरांना इथे तोच मिळतो, गुडघ्याच्या खाली लोंबणारा. त्यामुळे टिमचं आणि आमच्या घराचं नातं पहाटेच्या रिंकपासूनचं. या वेळी सोबत माझे सासरे होते. आबा मिरजेला रेल्वेत फिटर होते, आणि तरुणपणी गावच्या कबड्डी संघात कोपरा सांभाळायचे. नातीचे सामने बघून झाल्यावर त्यांनीच विचारलं, "अगं, गोल करणाऱ्यांचं कौतुक होतंय ते दिसतंय. पण ही जे करते त्याचं मोठं नाव झालेला कुणी आहे का नाही?" मी म्हटलं, "आबा, आहे. त्याच्याच नावाचा चहा तुम्ही रोज पिता." आणि आम्ही निघालो.

मिसिसागाकडून क्यूईडब्ल्यू या महामार्गाने गेलात तर बर्लिंग्टन स्कायवेचा मोठा पूल लागतो. पुलावरून उजव्या हाताला बंदर आणि पोलादाचे कारखाने दिसतात. हॅमिल्टन म्हणजे पोलादाचं शहर. स्टेल्को आणि डोफॅस्को ही नावं इथल्या घराघरांत. हे आधी पाहून घ्या, कारण हे दुकान इथेच का चाललं ते त्यावरून कळतं. पाळीवरून सुटलेला किंवा पाळीवर निघालेला कामगार, दहा मिनिटांची सवड, गरम कॉफी आणि हातात धरून खाता येईल असं काहीतरी गोड. झगमगाट कुणाला हवा होता?

आजची इमारत जुनी नाही. २०१५ मध्ये नव्याने उभं केलेलं हे दुमजली दुकान आहे. खाली नेहमीचं काउंटर, वर छोटं संग्रहालय. जुन्या वास्तूच्या शोधात येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जागा तीच, कोपरा तोच, भिंती नव्या.

आधी खाण्याचं सांगते. पहिल्यांदा येणाऱ्याने डबल डबल घ्यावी, म्हणजे दोन क्रीम, दोन साखर. आपल्या घरच्या फिल्टर कॉफीची अपेक्षा ठेवू नका. ही सौम्य, पातळसर, थंडीत बोटं ऊबदार ठेवणारी कॉफी आहे आणि ते काम ती चोख करते. आबांनी स्टीप्ड टी घेतला, दूध घालून. "आलं असतं तर..." एवढं म्हणाले आणि सगळा प्यायले. डोनटमध्ये मी ॲपल फ्रिटर सुचवेन. दुकान उघडलं तेव्हापासूनच्या दोन ठेवणीतल्या चिजांपैकी ती एक, दुसरी डची, म्हणजे मनुका घातलेला चौकोनी डोनट. फ्रिटर म्हणजे सफरचंदाचे तुकडे आणि दालचिनी घातलेला ओबडधोबड आकाराचा, वरून साखरेचा पातळ पाक दिलेला गोळा. बाहेरून कुरकुरीत, आत ओलसर. कडेचा कुरकुरीत तुकडा सर्वांत चांगला, आणि तो लेकीने आधीच लांबवला. टिमबिट्स, म्हणजे डोनटच्या छोट्या गोळ्या, १९७६ मध्ये आल्या. म्हणजे हॉर्टनने त्या कधी पाहिल्याच नाहीत. सुरुवातीच्या काळात डोनट दुकानातच बनायचे. आता अर्धवट तयार करून गोठवलेला माल येतो आणि दुकानात शेवटचा हात फिरतो. चवीत त्याने फरक पडतोच, पण हा बदल सगळ्या साखळीत वीसेक वर्षांपूर्वीच झालेला आहे. अंडं न खाणाऱ्यांनी काउंटरवर विचारून मगच घ्यावं.

काउंटरवरच्या बाईंनी आबांना थांबत थांबत, पुन्हा पुन्हा विचारून ऑर्डर घेतली. मागे रांग होती, तरी घाई केली नाही. आबा मराठीच्या वळणाने इंग्रजी बोलतात. त्यांना आपलं म्हणणं स्वतः मांडता आलं, याचं मला फार बरं वाटलं.

आता वरचा मजला. जुने फोटो, जुने गणवेश, दुकानाच्या वाढीच्या खुणा आणि हॉकीपटू हॉर्टनची आठवण, असा सगळा ऐवज आहे. जागा लहान आहे. नुसतं चालत गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत बघून होईल. माझा सल्ला असा की त्याच्या कारकिर्दीची थोडी ओळख करून घेऊनच जिना चढावा. मग प्रत्येक फोटोपाशी पाय थबकतो. मी आबांना आणि लेकीला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

जन्म १२ जानेवारी १९३०, उत्तर ऑन्टारियोतल्या कॉक्रेन गावी. कागदोपत्री नाव माइल्स गिल्बर्ट हॉर्टन. वडील कॅनेडियन नॅशनल रेल्वेत मेकॅनिक. हे ऐकल्यावर आबांनी खुर्ची ओढून घेतली. बालपण खाणींच्या गावांत गेलं. क्वेबेकमधलं द्युपार्के, मग पुन्हा कॉक्रेन, मग सडबरी. तिथल्या निकेलच्या खाणींच्या कॉपर क्लिफ वस्तीच्या संघातून खेळत तो टोरोंटोच्या सेंट मायकल्स कॉलेजच्या संघात आला. पुढची काही वर्षं लीफ्सच्या हाताखालच्या पिट्सबर्ग हॉर्नेट्स संघात. १९५२ मध्ये या संघाने काल्डर कप हा खालच्या लीगचा करंडक जिंकला आणि त्यानंतरच्या हंगामापासून हॉर्टन लीफ्समध्ये कायमचा झाला. तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे हॉकीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, सगळे मिळून सहा संघ. म्हणजे सबंध खंडात डिफेन्समनच्या जागा पंचवीस-तीसच्या घरात. एक जागा मिळवायची तर कुणाला तरी उठवावं लागायचं, आणि मिळाली की रोज राखावी लागायची.

डिफेन्समनचं काम नेमकं काय, ते आबांना नातीनेच समजावलं, टेबलावर टिमबिट्स मांडून. बर्फावर एका बाजूचे सहा जण: एक गोलरक्षक, तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्स. समोरचा पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबराची चकती, घेऊन वेगाने अंगावर येतो तेव्हा डिफेन्समन त्याच्याकडे तोंड करून उलटा, पाठमोरा स्केट करत मागे सरकतो. नजर पकवर ठेवायची नाही, समोरच्याच्या छातीवर ठेवायची. पक फसवतो, छाती फसवत नाही. दोघांमधलं अंतर फार वाढलं तर तो मोकळा शॉट मारतो, फार कमी झालं तर बगल देऊन निसटतो. ते अंतर राखत राखत त्याला मधून कडेच्या फळीकडे ढकलत न्यायचं, जिथून गोलाचा कोन उरत नाही. मग खांदा घालायचा, पक सोडवायचा आणि आपल्या फॉरवर्डच्या स्टिकवर पहिला पास अचूक द्यायचा. हे सगळं चाळीस-पन्नास सेकंदांच्या शिफ्टमध्ये, म्हणजे बर्फावरच्या एका पाळीत. मग बेंचवर, दम खाऊन पुन्हा. नीट जमलं तर प्रेक्षकांना काहीच घडल्यासारखं वाटत नाही. आबा म्हणाले, "कोपऱ्यावरचं काम. चढाईवाला मोकळ्या हाताने परत गेला की टाळ्या कोण वाजवतं?"

हॉर्टन हे काम अंगच्या ताकदीने करायचा. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे आजच्या डिफेन्समनच्या मानाने बुटकाच. पण खांदे आणि दंड असे की गॉर्डी हाउसारखा दांडगा खेळाडूही त्याला हॉकीतला सर्वांत ताकदवान माणूस म्हणायचा. स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उचलून मारलेला जोरदार फटका, जबरदस्त, स्केटिंग वेगवान, पक घेऊन स्वतः पुढे धावत सुटायचीही सवय. आणि नजर अधू! रिंकबाहेर तो चष्मा लावायचा. त्या काळी एनएचएलमध्ये मारामाऱ्या रोजच्याच. हॉर्टन मात्र ठोसे मारण्यापेक्षा समोरच्याला दोन्ही हातांनी मिठीत आवळून धरायचा, बरगड्या कुरकुरेपर्यंत, त्याचा राग निवेपर्यंत. या मिठीची लीगभर ख्याती होती. मी हे सांगत असताना आबांनी बसल्या जागी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "म्हणजे कव घालायचा. कवेत आला की सुटका नाही." लेक हसायला लागली, पण तिलाही ते पटलं.

या माणसाच्या गोष्टीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वर्ष १९५५. मार्च महिन्यात न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात बिल गॅड्सबी या डिफेन्समनने त्याला खांदा घातला. धडक नियमातलीच होती. हॉर्टनचा पाय मोडला आणि जबडाही. वय पंचवीस. पुढच्या हंगामाचा बराचसा भाग त्याला बाहेर काढावा लागला. तेव्हा खेळाडूंच्या हाती आजच्यासारखे कोट्यवधींचे दीर्घ करार नव्हते. उन्हाळ्यात बहुतेक जण कुठे ना कुठे नोकरी करायचे. हॉर्टनला बायको होती, मुली होत्या, आणि सगळी कमाई एका हाडाच्या भरवशावर. पुढे त्याने हॅम्बर्गरची दुकानं काढून पाहिली, टोरोंटोत मोटारी विकून पाहिल्या. मग डोनट. कपावरच्या त्या नावाची मुळं मला त्या मोडलेल्या पायात दिसतात. हे माझं वाचन आहे, पण वरच्या मजल्यावर उभं राहिलं की दुसरं काही सुचत नाही.

पाय जुळला आणि खरी कारकीर्द त्यानंतर झाली. १९५८ मध्ये पंच इम्लॅच लीफ्सचा प्रशिक्षक म्हणून आला. हॉर्टनची जोडी ॲलन स्टॅन्लीशी जमली. स्टॅन्ली संथ, जागा न सोडणारा, अंदाजाने खेळणारा. त्याच्या भरवशावर हॉर्टनला पुढे धावता यायचं. डिफेन्समनची कारकीर्द एकट्याची नसतेच. शेजारी कोण उभा आहे यावर ती अर्धी ठरते. दुसरी जोडी कार्ल ब्रूअर आणि बॉब बॉन यांची. या चौघांच्या बळावर लीफ्सने १९६२, १९६३ आणि १९६४ असा तीन वर्षं सलग स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा करंडक, उचलला. १९६२ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, हॉर्टनने १२ सामन्यांत १६ गुण मिळवले, ३ गोल आणि १३ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास). डिफेन्समनसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

१९६४ ची तारीखवार गंमत बघा. अंतिम फेरी डेट्रॉइटशी. सहाव्या सामन्यात बॉब बॉनच्या पायाला शॉट लागून हाड मोडलं, त्याला स्ट्रेचरवरून नेलं, तो इंजेक्शन घेऊन परतला आणि त्यानेच ओव्हरटाइममध्ये विजयी गोल मारला. २५ एप्रिलला सातवा सामना ४-० जिंकून लीफ्सनी कप घेतला. आणि १७ मे रोजी, म्हणजे तीन आठवडे होतात न होतात तोच, हॉर्टनचं डोनटचं दुकान इथे, याच कोपऱ्यावर उघडलं. कप जिंकलेल्या संघातला ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तमांतला, डिफेन्समन, वय चौतीस, आणि कारखान्यांच्या वस्तीत चिल्लर किमतीच्या मालाचा धंदा मांडतोय. हे त्या जागेवर उभं राहून वाचताना मला भरून आलं.

सुरुवातीला धंद्यात त्याचा भागीदार जिम शराड होता. १९६५ मध्ये रॉन जॉइस नावाच्या, हॅमिल्टन पोलिसात नोकरी केलेल्या माणसाने हे पहिलं दुकान चालवायला घेतलं आणि १९६७ मध्ये तो भागीदार झाला. धंदा वाढवला तो मुख्यतः जॉइसने. पण जॉइस दुकानं वाढवत होता तेव्हा हॉर्टन काय करत होता? रोज बर्फावर उतरत होता. ११ फेब्रुवारी १९६१ ते ४ फेब्रुवारी १९६८ या काळात तो लीफ्सचे नियमित हंगामातले सलग ४८६ सामने खेळला, एकही न चुकवता. पाय आणि जबडा मोडून घेतलेला, हेल्मेटशिवायच्या काळातला, शॉट अंगावर घेणारा डिफेन्समन सात वर्षं एकही रात्र घरी बसला नाही! डिफेन्समनांमधला हा विक्रम २००७ पर्यंत टिकला. तो मोडला लाटव्हियाच्या कार्लिस स्क्रास्टिन्शने, तोही असाच गाजावाजा न होणारा, घरचा गोल राखणारा खेळाडू. २०११ मध्ये रशियातल्या लोकोमोटिव्ह यारोस्लाव्हल संघाच्या विमान अपघातात तो गेला. लेकीला मी हे सांगितल्यावर ती बराच वेळ आकडाच धरून बसली: "चारशे शहाऐंशी? आणि मध्ये ताप पण नाही आला?" आला असेलच, बाळा. खेळला.

१९६७ चा कप तर सगळ्यांत लाडका. लीफ्सचा संघ म्हाताऱ्यांचा म्हणून हिणवला जायचा. २ मे १९६७, सहावा सामना, मॉन्ट्रियलविरुद्ध, स्कोअर २-१, शेवटचं मिनिट, आणि फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) लीफ्सच्याच गोलाजवळ. मॉन्ट्रियलने गोलरक्षक काढून सहावा खेळाडू आणला. इम्लॅचने तरण्यांना बसवून जुनी खोडं पाठवली: स्टॅन्ली, हॉर्टन, रेड केली, बॉब पुलफर्ड, कर्णधार जॉर्ज आर्मस्ट्राँग. फेसऑफ घेतला एक्केचाळीस वर्षांच्या डिफेन्समन स्टॅन्लीने, समोर जाँ बेलिवो. पक सुटला, आर्मस्ट्राँगपर्यंत पोचला, त्याने रिकाम्या गोलात मारला. ३-१. त्यानंतर टोरोंटोला आजवर एकही स्टॅन्ली कप मिळालेला नाही. हे वाक्य टोरोंटोच्या बसमध्ये मोठ्याने म्हणू नका, लोकांना खरंच लागतं.

पुढची दोन वर्षं मला त्याहूनही मोठी वाटतात. १९६६ मध्ये बॉस्टनला बॉबी ऑर आला आणि डिफेन्समन काय करू शकतो याची व्याख्याच त्याने बदलून टाकली. १९६८ आणि १९६९ या दोन्ही वर्षी लीगच्या पहिल्या ऑल-स्टार संघात ऑरच्या शेजारची जागा कुणाला मिळाली? हॉर्टनला. एकजण विशीतला, दुसरा चाळिशीला टेकलेला. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मात्र त्याला कधीच मिळाली नाही. मला वाटतं मिळायला हवी होती, निदान एकदा.

मार्च १९७० मध्ये लीफ्सने त्याला रेंजर्सकडे धाडलं. मग पिट्सबर्ग, मग १९७२ मध्ये बफेलो सेबर्स, जिथे इम्लॅच आता जनरल मॅनेजर होता. बफेलोचा संघ नवा, पोरांचा. जिम शोनफेल्डसारख्या कोवळ्या डिफेन्समनला शेजारी घेऊन बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा हॉर्टन उभा राहिला आणि त्याच हंगामात सेबर्स पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. एकूण १,४४६ सामने, ११५ गोल, ४०३ असिस्ट.

शेवट वाईट आहे, आणि मी तो आबांपासून किंवा लेकीपासून लपवला नाही. २० फेब्रुवारी १९७४ च्या रात्री बफेलो टोरोंटोत खेळलं आणि हरलं. जबडा दुखावलेला असूनही हॉर्टन उतरला, आणि त्या सामन्यातल्या तीन उत्तम खेळाडूंत त्याची निवड झाली. रात्री तो स्वतःची पँटेरा ही वेगवान गाडी घेऊन एकटाच बफेलोकडे निघाला. करारापोटी इम्लॅचने त्याला दिलेली ती गाडी. पहाटे सेंट कॅथरिन्सजवळ क्यूईडब्ल्यूवर ती उलटली आणि तो बाहेर फेकला गेला. सीटबेल्ट नव्हता. वय चव्वेचाळीस. तो दारू पिऊन होता, हे २००५ मध्ये खुल्या झालेल्या शवविच्छेदनाच्या अहवालातून स्पष्ट झालं. लेक चार-पाच वर्षांत गाडी चालवायला लागेल, म्हणून हे तिला नीट सांगितलं. याच रस्त्याने आम्ही आलो होतो.

तो गेला तेव्हा दुकानं चाळीसच्या आसपास होती. पुढच्या वर्षी त्याची बायको लोरी हिने आपला वाटा रॉन जॉइसला दहा लाख डॉलर आणि एक कॅडिलॅक यांच्या बदल्यात विकला. नंतर तिने हा व्यवहार रद्द व्हावा म्हणून दावा लावला, ती हरली. आज कॅनडात या नावाची हजारो दुकानं आहेत. कंपनी मध्ये वेन्डीजकडे होती, २०१४ मध्ये बर्गर किंगशी एक झाली. २०२२ मध्ये दिल्लीकडे आणि पुढे मुंबईतही दुकान निघालं. मुंबईतल्या माझ्या भाचीने तिथला कप हातात धरून फोटो पाठवला होता. नावाखालचा माणूस तिला ठाऊक नव्हता, आता आहे.

खेळाचा तपशील आणखी हवा असेल तर टोरोंटोला हॉकी हॉल ऑफ फेम आहेच, यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, १८८५ सालच्या बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या देखण्या इमारतीत. तिथे स्टॅन्ली कप ठेवतात, आणि १९७७ पासून हॉर्टनही तिथे आहे. तिथे तिकीट काढावं लागतं आणि अर्धा दिवस लागतो. दोन्ही बघायचं असेल तर आधी हॅमिल्टन करा. हॉल ऑफ फेममध्ये शेकडो माणसांच्या गर्दीत एक हॉर्टन शोधावा लागतो. इथे त्याच्या एकट्याशी गाठ पडते.

कुणी जाऊ नये? ज्यांना निवांत, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचं कॅफे हवं आहे त्यांनी. हे येण्याजाण्याचं, लगबगीचं दुकान आहे. वयस्कर माणसं सोबत असतील तर आधी खाली बसवून, चहा पाजून मग वर न्या. आणि जेवायच्या वेळी जाणार असाल तर भूक मोठी ठेवू नका. बेगल, हॅश ब्राउन, रॅप यांनी आबांसारख्या भाकरी खाणाऱ्या माणसाचं पोट भरत नाही. डबा गाडीत ठेवा.

एक गोष्ट मात्र खास बायकांसाठी. ऑटावा स्ट्रीट हा हॅमिल्टनचा कापडाचा बाजार आहे. टिमच्या आसपासच कापडाची, पडद्यांची, बटणं-लेसची आणि जुन्या वस्तूंची दुकानं ओळीने लागलेली. मी अस्तराचं सुती कापड आणि एका जुन्या शिलाई मशीनचा डबा घेतला, तोवर आबा आणि नात फुटपाथवर पाठमोरं सरकत अंतर राखायचा सराव करत होते. ते चढाईला, ती बचावाला. आबा दोनदा निसटले, तिसऱ्यांदा तिने त्यांना भिंतीकडे ढकलत नेलं. पार्किंग रस्त्यावरच करावं लागतं, तेव्हा दुपारच्या आत पोचा; शनिवारी गर्दी असते.